अबू खशमची पिशवी

ज्या फुटबॉल क्लबात मी किटमन होतो, तिथे मला सायमन या नावाने हाक मारणारे दोघंतिघंच असतील. बाकी सगळे अबू खशम म्हणायचे. खशम म्हणजे नाक. अबू खशम म्हणजे नाकाचा बाप. दोह्यात माणसाला एकदा टोपणनाव चिकटलं की ते व्हिसा रद्द होईपर्यंत सुटत नाही.

माझं काम खेळाडूंचे कपडे धुणं, वाळवणं, घड्या घालणं आणि मॅचच्या दिवशी ज्याच्या त्याच्या खुंटीला लावणं. मॅच संपली की ड्रेसिंग रूमच्या मधोमध मी एक जाळीची झोळी ठेवायचो. घामाचे मोजे सुलटे करून तिच्यात टाकायचे, असा माझा नियम होता. कुणी बोळा करून फेकले, की मी ते दोन बोटांत धरून वर उचलायचो आणि सगळ्यांसमोर विचारायचो, "हे कुणाचे?" विचारायचो खरा, पण मला ठाऊक असायचं. मी वासावरून माणूस ओळखायचो. सगळी खोली खदखदायची आणि ज्याचे मोजे असतील त्याचं तोंड लाल व्हायचं. मला त्यात मजा यायची, खोटं कशाला बोलू?

त्याच मला, पन्नाशी गाठायच्या आत, पोटावर शौचाची पिशवी लावून जगायची पाळी आली. हे एक वाक्य कागदावर उतरवायला मला कितीतरी वर्षं लागली आहेत. ज्यांच्या पोटावर अशी पिशवी आहे, किंवा ती लागेल असं डॉक्टरने सांगितल्यापासून जे तोंड लपवून बसले आहेत, त्यांच्यासाठी मी लिहितोय. औषधातलं मला काही कळत नाही. लाजेतलं कळतं.

सुरण

रक्त जायला लागलं तेव्हा मी मनाशी ठरवूनच टाकलं की ही मूळव्याध. आपल्याकडे मूळव्याध म्हणजे हसण्याचा विषय. वसईला आमच्या आळीत एक गृहस्थ देवळात, म्हणजे चर्चमध्ये, येताना उशी घेऊन यायचे. त्यांना अख्खा गाव हसायचा, त्यात मीही होतो. आता माझ्यावर कुणी हसायला नको म्हणून मी स्वतःचा इलाज स्वतःच सुरू केला. ताक, इसबगोल आणि सुरण. मुशैरिबमध्ये आमच्या घराखाली मल्याळी दुकान होतं, तिथून सुरण यायचा. ती जुनी बिल्डिंग आता पाडली, दुकानही गेलं.

"हल्ली हे सुरणाचं काय खूळ घेतलंयस?" रेजिना विचारायची.

"आवडतो," मी म्हणायचो.

रेजिना म्हणजे माझी बायको. ती इथल्याच एका हॉस्पिटलात लहान मुलांच्या वॉर्डात नर्स. घरात नर्स असताना मी आजार लपवत होतो! दिव्याखाली अंधार म्हणतात तो आणखी वेगळा काय असतो? पण मला वाटायचं, नर्स झाली तरी बायको ती बायको. जिच्यासमोर मी कधी चुरगळलेला शर्ट घातला नाही, तिला हे काय दाखवायचं?

तिला दिसू नये म्हणून मी माझे आतले कपडे गुंडाळून क्लबात न्यायचो आणि सकाळी कुणी यायच्या आत तिथल्या लॉन्ड्रीत धुवायचो. आधी गार पाणी, मग मीठ, मग साबण. रक्ताचे डाग काढण्यात माझा हात धरणारा दोह्यात कुणी नव्हता. आजार वाढत होता आणि मी डाग काढत होतो. डाग निघाला की मला वाटायचं, आज बरं आहे.

एका सकाळी निक्शा आत आला.

निक्शा आमचा नऊ नंबर, फॉरवर्ड. क्रोएशियातल्या समुद्रकाठच्या एका गावचा. ती दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. इथल्या क्लबांना तेव्हा युरोपातले मोठमोठे खेळाडू कारकिर्दीच्या शेवटी आणायची हौस आली होती. दुसऱ्या क्लबांकडे ज्यांची पोस्टर्स निघतात असे खेळाडू आले. आमच्याकडे निक्शा आला. तिशी केव्हाच उलटलेली, एक गुडघा कामातून गेलेला. त्या गुडघ्यासाठी बर्फ घ्यायला तो सकाळी सकाळी यायचा, कारण बर्फाचं मशीन लॉन्ड्रीतच होतं.

टबातलं पाणी लाल होतं. "जर्सीचा डाग," मी म्हणालो. त्याने टबात पाहिलं. जर्सी कशी दिसते हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. बर्फ घेतला आणि गेला. मला वाटलं, सुटलो.

शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, मिस्सा म्हणजे आमची चर्चची प्रार्थना असायची. तेव्हा दोह्यात देऊळ नव्हतं. एका कंपाउंडमधल्या हॉलमध्ये आम्ही जमायचो. निक्शाही आमच्यासारखाच कॅथलिक. गुडघे टेकता येत नाहीत म्हणून तो मागच्या भिंतीला टेकून उभा राहायचा. त्या शुक्रवारी मिस्सा झाल्यावर आमची वसईची मंडळी चहाचे कागदी कप घेऊन सावलीत उभी होती. निक्शा सरळ रेजिनासमोर आला. त्यांच्याकडे सायमनचं शिमे होतं, म्हणून तो मला शिमे म्हणायचा.

"मॅडम," तो त्याच्या तुटक्या इंग्रजीत म्हणाला, "शिमेला रक्त जातं. खूप. माझ्या काकाला असंच होतं. प्लीज, त्याला घेऊन जा."

माझ्या हातातला कप तिरका झाला. बस्त्याव काका, म्हणजे आमच्या मंडळींतले सगळ्यांत वडीलधारे, जवळच होते. त्यांनी न ऐकल्यासारखं आभाळाकडे पाहिलं, म्हणजे ऐकलं होतं.

पहिल्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा रेजिनाने विचारलं,

"किती दिवस?"

"जास्त नाही गं."

"सायमन, किती दिवस?"

"सुरण आणायला लागलो तेव्हापासून."

तिने मनात हिशेब केला असावा. सुरण नाताळच्या आधीपासून येत होता आणि आता उन्हाळा लागला होता.

"मी रोज दुसऱ्यांच्या पोरांचं शी-शू काढते," ती म्हणाली. "आणि माझ्या नवऱ्याचं मला एका फुटबॉलवाल्याने सांगायचं?"

मागच्या सीटवर आमची मुलगी लिनेट खिडकीबाहेर बघत होती. तिला मराठी सगळं कळायचं.

पहिला प्रश्न

डॉक्टर सुदानी होता. उंच, हळू बोलणारा. तपासण्या झाल्या, तुकडा काढून पाठवला, आणि मग एके दिवशी त्याने आम्हा दोघांना समोर बसवलं. गाठ आहे, म्हणाला. कॅन्सरची आहे. पसरलेली दिसत नाही, ही चांगली गोष्ट. पण फार खाली आहे. ती काढायची तर खालची वाट कायमची बंद करावी लागेल. पोटाच्या डाव्या बाजूने नवी वाट काढू, त्यावर पिशवी राहील.

रेजिनाने माझा हात धरला. डॉक्टर म्हणाला, "काही विचारायचंय?"

अशा वेळी माणूस विचारतो, मी वाचेन का? मुलीचं लग्न बघेन का? मी विचारलं, "वास येईल का?"

डॉक्टरला आधी कळलंच नाही. मी पुन्हा विचारलं. रेजिनाने माझा हात सोडला, उठली आणि खिडकीपाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

"कमी येईल," डॉक्टर म्हणाला. "इन्शाल्ला."

त्या प्रश्नाची लाज मला आजही वाटते, पिशवीपेक्षा जास्त. ती बाई माझ्याशिवाय राहण्याच्या भीतीने गार पडली होती, आणि मला वासाची पडली होती.

पडद्याआड

ऑपरेशननंतर एका फिलिपिनो सिस्टरने पहिल्यांदा पट्टी काढली. "सर, बघा, रंग किती छान आहे," ती म्हणाली. मी छताकडे बघत राहिलो. तिने पुन्हा पुन्हा सांगितलं तेव्हा एकदा खाली नजर टाकली. पिकल्या टोमॅटोच्या फोडीसारखं ओलं, लाल काहीतरी माझ्या पोटावर होतं आणि ते आपल्या मनाने हलत होतं. माझं होतं आणि माझं ऐकत नव्हतं. मी तोंड फिरवून रडलो.

हॉस्पिटलचा दिवस ठरलेला असायचा. सकाळी पिशवी बदलणं, मग चालणं, मग डॉक्टरांचा राउंड, मग दुपारचं फिकं जेवण आणि चारनंतर भेटायला येणारे. मी दिवसभर पडदा ओढून ठेवायचो. शेजारच्या कॉटवर सांगलीकडचा एक प्लंबर होता, साइटवर पाय मोडून आलेला. पडद्यापलीकडून तो सगळं ऐकत होता.

"पाव्हणं," एकदा तो म्हणाला, "एवढं काय मनाला लावून घेताय? खालची लाइन चोक झाली, वरनं आउटलेट काढला. आमी रोज करतो."

मला इतका राग आला की त्या दिवशी मी त्याच्याशी बोललो नाही. मुलाबाळांना सोडून एकट्याने इथे राहणारा माणूस, बोलायला मराठी मिळालं म्हणून खूश झाला होता. मी त्याला तेवढंही दिलं नाही.

आमची वसईची माणसं यायची तेव्हा केळी, सफरचंदं आणि उदाहरणं घेऊन यायची. अमक्याला कॅन्सर झाला होता, आता टुणटुणीत आहे. तमकी तर पोहायला जाते. पिशवीचं मी त्यांना सांगितलं नव्हतं, आणि नेमकी ती मंडळी बसलेली असताना एकदा ती कडेने सुटली. मार्था काकी, म्हणजे बस्त्याव काकांच्या पत्नी, बोलता बोलता थांबल्या. मग त्यांनी पदर नाकाशी नेला, तो नेता नेता डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "चला, सायमनला विश्रांती घेऊ दे." त्यांचा चांगुलपणा मला कळला, पण तो पदर आधी कुठे निघाला होता हे नाकाच्या बापाच्या नजरेतून कसं सुटेल?

निक्शा मात्र उदाहरणं आणायचा नाही. तो चुका आणायचा.

पहिल्यांदा आला तेव्हा स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, "शिमे, माझी पहिली मॅच सांगतो." त्याच्या गावाजवळच्या बंदराच्या शहरात मोठा क्लब होता. कोवळ्या वयात मोठ्यांच्या संघात उतरला. बाप मासेमार, सार्डिन पकडणारा. त्या दिवशी जाळं न टाकता पोराची मॅच बघायला आला होता. समोर रिकामा गोल, गोलकीपर पडलेला, आणि निक्शाने बॉल वरून उडवला. "परत जाताना बोटीवर बाप सगळ्यांशी बोलला," तो म्हणाला. "फक्त माझ्याशी नाही."

पुढच्या वेळी लढाईची गोष्ट. देशात युद्ध पेटलं, हा जर्मनीत खेळायला गेला. दुसऱ्या फळीतला क्लब, पण गोल पडत होते. "मी तिकडे गोल मारून हात वर करत होतो," तो म्हणाला, "आणि माझ्या वर्गातली पोरं इकडे पुरली जात होती." हे सांगून तो बराच वेळ बर्फ लावतो तसा गुडघ्यावर हात दाबून बसला.

मग अठ्ठ्याण्णव. क्रोएशियाच्या संघाच्या सराव शिबिरात त्याला बोलावलं होतं. गावातल्या बेकरीवाल्याने त्याचा फोटो फ्रेम करून दुकानात लावला. प्रशिक्षकाने विश्वचषकाला जाणाऱ्यांची नावं वाचली, त्यात याचं नव्हतं. संघ तिसरा आला. अख्खा देश रस्त्यावर नाचला आणि हा खिडक्या लावून घरात बसला. "बेकरीवाला चांगला माणूस," तो म्हणाला. "फोटो काढला नाही. म्हणून मी अजून त्या बेकरीत जात नाही."

मग तुर्कस्तान. शेवटच्या मॅचला पेनल्टी मारायला हाच गेला, ती हुकली आणि क्लब खालच्या वर्गात ढकलला गेला. घरी जाताना टॅक्सीवाल्याने ओळखलं आणि अर्ध्या रस्त्यात उतरवलं.

"अरे, तू गोल कधी मारलेच नाहीस की काय?" मी वैतागून विचारलं.

"पुष्कळ मारले. ते टीव्हीवाले सांगतात. हे कोण सांगणार?"

मग त्याने मला फॉरवर्डचं काम समजावलं. बचाव करणारा चुकला तर मागे कुणीतरी असतो सावरायला. मधला चुकला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. फॉरवर्ड चुकला की सगळं स्टेडियम डोक्याला हात लावतं. "आणि दोन मिनिटांनी त्याच लोकांसमोर हात वर करून पुन्हा बॉल मागायचा. बाकी काही नाही, शिमे. माझं सगळं करिअर एवढंच."

तेव्हा मला वाटलं, हा स्वतःचं रडगाणं गातोय. त्याला बोलायला कुणी नाही म्हणून येतो, असं मी रेजिनाला म्हणालोसुद्धा.

धूर

घरी आलो आणि मी बखूर आणला. इथल्या घरांत निखाऱ्यावर टाकतात तो सुगंधी धूप. सकाळी एकदा, पिशवी रिकामी केल्यावर एकदा, कुणी दार वाजवलं की एकदा. पडद्यांना, उशांना, भातालासुद्धा बखूरचा वास यायला लागला.

"डॅडी, व्हाय इज इट ऑल्वेज सो स्मोकी?" लिनेट विचारायची. मी म्हणायचो, डास येतात.

पिशवी बदलताना मी बाथरूमची कडी लावायचो. रेजिना दाराबाहेरून म्हणायची, "उघड, मी करते, पाच मिनिटांचं काम आहे." मी नळ सोडून द्यायचो. रात्री वास येईल, झोपेत फुटेल, म्हणून मी तिला लिनेटच्या खोलीत झोपायला लावलं. तिने उशी उचलली आणि गेली. त्या आवाज न करता जाण्याने घर किती रिकामं झालं ते मला सांगता येत नाही.

क्लबचा मॅनेजर फोन करायचा. "अबू खशम, यल्ला, चल लवकर, कधी येतोस?" मी म्हणायचो, "इन्शाल्ला." आखातात या शब्दाचे दोन अर्थ असतात, एक येणाऱ्याचा आणि एक न येणाऱ्याचा. मी दुसऱ्या अर्थाने म्हणत होतो हे तोही ओळखून होता. सीझन संपेपर्यंत थांबतो, म्हणाला. व्हिसा क्लबचा होता. मी गेलो नाही तर आम्हाला वसईला परतावं लागलं असतं, आणि रेजिनाची नोकरी, लिनेटची शाळा, सगळंच उसकटलं असतं. शरीराने मी केव्हाच जाऊ शकत होतो. पण त्या खोलीत कसा जाणार? जिथे मी इतकी वर्षं "हे कुणाचे?" विचारलं, तिथे कुणीतरी नाक वर करून तोच प्रश्न विचारला तर?

रेजिनाने एकदा स्पष्टच सांगितलं. "तू आता आजारी नाहीस, सायमन. तू लपलेला आहेस."

असं करत करत वर्ष होत आलं आणि निक्शाची शेवटची मॅच आली. गुडघ्यामुळे तो खेळणं सोडणार होता. आमची एक रीत होती. तो जर्सी खुंटीवरून घ्यायचा नाही, माझ्या हातून घ्यायचा. मी ती धुतलेली जर्सी नाकाशी धरायचो आणि म्हणायचो, "नदीफ!" म्हणजे स्वच्छ. मग तो ती चढवायचा. त्याने फोन करून सांगितलं, "शेवटचं आहे, जर्सी द्यायला ये."

मी "इन्शाल्ला" म्हणालो.

घरी टीव्हीवर पाहिली मॅच. त्याला अगदी शेवटी उतरवलं. एक बॉल मिळाला, समोर फक्त गोलकीपर, आणि निक्शाने तो वरून उडवला, पहिल्या मॅचसारखाच. लोक त्याची टर उडवत शिट्ट्या मारायला लागले. त्याने हात वर केला आणि बॉल मागितला. तेवढ्यात रेफरीची शिट्टी झाली आणि मॅच संपली. मी पुढ्यातल्या निखाऱ्यावर बखूर टाकला, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

बारा जणांत

दोन दिवसांनी निक्शा घरी आला. मी का आलो नाही हे त्याने विचारलं नाही. "जर्सीला वास येत होता," एवढंच म्हणाला. "सांगायला कुणी नव्हतं."

तेवढ्यात बस्त्याव काका आणि मार्था काकी आले. पुढच्या आठवड्यात पवित्र गुरुवार होता. त्या संध्याकाळी मिस्सेत फादर बारा पुरुषांचे पाय धुतात, प्रभूने प्रेषितांचे धुतले तसे. त्या वर्षी आमच्या वसईच्या मंडळींतून एकाला बसायचं होतं.

"सायमन, तू बस," काका म्हणाले. "बरा होऊन उठलायस. आभार मानायला नको?"

"मला नाही जमणार, काका."

"नुसतं खुर्चीवर बसायचंय. पायच तर पुढे करायचाय."

काय चाललंय ते निक्शाला समजावून सांगितलं, तर तो हसायला लागला. फादरने त्यालाही विचारलं होतं आणि तो नाही म्हणाला होता. का, तर पाय. काळी पडलेली नखं, वेडीवाकडी बोटं, एक बोट तर अर्धंच. मला ते पाय पाठ होते. "शंभर लोकांसमोर हे पाय?" तो म्हणाला. मग माझ्याकडे पाहिलं. "तू बसलास तर मी बसतो."

रेजिना चहाचा ट्रे घेऊन दारात थबकली होती. तिच्या तोंडाकडे बघून मी हो म्हणालो.

गुरुवारी मी सकाळपासून पोटात काही घेतलं नाही. पोट रिकामं तर पिशवी रिकामी, असं माझं डोकं. रेजिना कळकळीने सांगत होती, "थोडी पेज तरी घे. उपाशी राहिलास की पोटात वारा धरतो." मी म्हटलं, उपवासाचे दिवस आहेत. धर्माच्या आड मी हेही लपवलं.

वेदीसमोर बारा खुर्च्या होत्या. माझ्या डाव्या हाताला निक्शा. हॉल खच्चून भरलेला. गायनमंडळ गात होतं तोवर ठीक होतं. पाणी ओतायला फादर खाली बसत, पाय धुवून पुसत, चुंबन घेत आणि पुढच्याकडे सरकत. निक्शाचे पाय धुतले तेव्हा त्याने डोळे गच्च मिटले होते. फादर माझ्यासमोर बसले. तेवढ्यात गाणं संपलं, आणि पुढचं सुरू व्हायच्या आधीच्या त्या शांततेत माझं पोट बोललं. आधी बारीक, मग लांबलचक, मग शेवटी एक भोंगा.

मागे कुठलं तरी मूल खिदळलं. फादरचा तांब्या हातातच राहिला. माझ्या कानांतून वाफा निघत होत्या. जमीन दुभंगली असती तर मी आनंदाने गेलो असतो.

"सॉरी, फादर," निक्शा मोठ्याने म्हणाला. "माय स्टमक."

सगळा हॉल हसला. फादरही हसले, माझ्या पायावर पाणी ओतलं. मी गप्प राहिलो. पाणी गार होतं एवढंच मला आठवतं.

मिस्सेनंतर आवारात निक्शाभोवती घोळका जमला. "क्या खाया था, भाई?" काका त्याला विचारत होते. पोरं तोंडाने तसले आवाज काढत होती, त्यात माझी लिनेटही होती. निक्शा पोटावर हात फिरवून सगळ्यांना हसवत होता, पण त्याचं तोंड लाल झालं होतं. ते लाल तोंड मला ओळखीचं होतं. ड्रेसिंग रूममध्ये मी ते किती जणांवर आणलं होतं. मोजे माझे होते आणि उभा तो होता.

रेजिना त्याच्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"तो आवाज माझा होता," मी मराठीत म्हणालो.

कुणाला ऐकू गेलं नाही. मला पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं. "काका, तो आवाज माझा होता. माझ्या पोटावर पिशवी आहे. शौच तिच्यातच होतं. आवाज मला आवरत नाही. वासही येतो कधी कधी. म्हणून मी कुणाला घरी बोलवत नाही."

लिनेट आवाज काढायची थांबली. मी शर्टावरून पिशवीवर हात ठेवला होता, सगळ्यांदेखत.

"अरे, मग हे आधी सांगायला काय झालं होतं?" मार्था काकी जवळजवळ ओरडल्याच. "आम्ही म्हटलं, सायमनला गर्व झाला. गेलं तर दारातच धूर करतो, देव्हाऱ्यापुढे करतात तसा. आता बोल, तुला खायला काय चालतं? रविवारी ईस्टरचं जेवण आमच्याकडे."

निक्शाला मराठीचं ओ की ठो कळत नव्हतं. "शिमे, काय म्हणालास?"

"सांगितलं, की माझा होता."

त्याने दोन्ही हात कमरेवर ठेवले. "शिमे! शेवटची मॅच गेली. आज कुठे एक गोल लागला होता, तोही तू रद्द केलास?"

मी हसलो, आणि हसता हसता रडायलाच लागलो. रेजिनाने पर्समधून रुमाल काढून माझ्या हातात कोंबला. त्या रात्री तिची उशी परत आमच्या खोलीत आली.

झोळी

त्या उन्हाळ्यात निक्शा गावी परत गेला. निघताना म्हणाला, बेकरीत जाऊन येईन. गेला की नाही ते मी विचारलं नाही. कधी ना कधी तो आपणहून सांगेल.

लाज गेली, असं मी इथे लिहिलं तर ते खोटं होईल. आजही शांत जागी बसलो की माझा हात पोटावर जातो. फक्त आता मी जातो. निक्शाच्या भाषेत, बॉल मागतो.

पहिल्यांदा गेलो तो ईस्टरनंतरचा सरावाचा दिवस होता. माझ्या जागी ठेवलेल्या माणसाने मोज्यांची पार रया घालवली होती. मी ड्रेसिंग रूमच्या मधोमध झोळी ठेवली. खेळाडू आले, "अबू खशम, हमदिल्ला," म्हणजे देवाची कृपा, असं म्हणून हात मिळवून गेले. मग आमचा गोलकीपर बूट सोडता सोडता थांबला. त्याने नाक वर केलं, हुंगलं आणि इकडेतिकडे पाहायला लागला. बाकीचेही पाहायला लागले. ते सगळे मीच शिकवलेले होते.

"वास माझा आहे," मी म्हणालो. "तू तुझे मोजे सुलटे करून टाक."